आजोबांच्या डब्यातली गोव्याची जुनी तिकिटं: छपाईची चूक नेमकी ओळखायची कशी?

कुळागर

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू व्हायच्या आत माळा झाडून घ्यायचा म्हणून परवा वर चढले, तर जुन्या समया आणि फुटक्या पेट्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत आजोबांनी जमवलेली टपाल तिकिटं. निम्मी पोर्तुगीज अमदानीतली, निम्मी मुंबईहून आलेल्या पत्रांवरून काढलेली, कारण आजोबांचे धाकटे भाऊ तिकडे नोकरीला होते.

भिंग घेऊन दोन रात्री बसले आहे. मला यातलं काही कळत नाही, पण पाच गोष्टी डोळ्यांत भरल्या.

पहिली. सेरेस देवीचं चित्र असलेली, 'INDIA' लिहिलेली सहा तिकिटं आहेत. त्यातल्या तिघांवर देवीच्या झग्याच्या खालच्या काठाला, अगदी एकाच जागी, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक पांढरा ठिपका आहे. उरलेल्या तिघांवर नाही.

दुसरी. पोर्तुगालच्या राजा कार्लोसच्या एका तिकिटावर 'REPUBLICA' ही अक्षरं उलटी, डोक्यावर उभी छापलेली आहेत. हे आजोबांनी वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, म्हणजे त्यांना ते मोलाचं वाटत असणार.

तिसरी. एका तिकिटाच्या पाठीवर पुढचंच चित्र फिकट उमटलंय.

चौथी. एकाच प्रकारच्या दोन तिकिटांपैकी एक शेंदरी आहे आणि दुसरं काळपट तपकिरी.

पाचवी. भारताची एक आण्याची दोन तिकिटं आहेत, दोन्हींवर बोधिसत्त्व. पण एकावर मूर्तीचा कल एका बाजूला, दुसऱ्यावर बरोबर उलट्या बाजूला.

यातल्या छपाईच्या खऱ्या चुका कुठल्या? विकायचं नाहीये. आजोबांनी काय जपून ठेवलं होतं ते मला नीट समजून घ्यायचंय.

मळब

उलटी अक्षरं असतील तर लॉटरी लागली समजा. लगेच कुणाला तरी किंमत विचारा.

शिळाछाप

कुळागर बाय, आधी हात आवर. कुठलंही तिकीट पाण्यात घालू नको, सेलोटेप लावू नको, आणि कागदावर चिकटलेलं असेल तर सोडवू नको. काही जुन्या शाया पाण्यात सुटतात. शिवाय तिकिटाखालच्या पाकिटाच्या तुकड्यावर अर्धा डाकशिक्का असला, तर तोच पुढे साक्षीदार ठरतो.

मी मडगावात छापखान्यात अडतीस वर्षं काढली. सुरुवात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यापासून, मग ट्रेडल मशीन, शेवटी ऑफसेट. तिकिटांचा नाद त्यातूनच लागला, म्हणून मी तिकिटाकडे छापखान्यातून बघतो. माझा एकच प्रश्न असतो: ही गोष्ट छपाईच्या कुठल्या पायरीवर घडली? कागद बनताना, ठसा बनताना, शाई लागताना, ताव मशीनवर चढताना, दुसरा रंग देताना, छिद्रं पाडताना, की छापखान्याबाहेर पडल्यावर? पायरी सांगता आली आणि त्या पायरीवर तसं घडणं शक्य असलं, तर ती छपाईची गोष्ट. पायरी सापडत नसेल, तर बहुतेक वेळा ती झीज असते, ओल असते, किंवा कुणाची तरी करामत असते.

आता तुझ्या पहिल्या तिकिटाबद्दल. सेरेसची तिकिटं उठावाच्या ठशांनी छापलेली, म्हणजे आमच्या ब्लॉकच्या छपाईसारखीच. ज्या भागाला शाई लागायची तो उंच, बाकीचा खोल. एका तावावर जितकी तिकिटं तितके ठसे शेजारी शेजारी बसवलेले, सगळे एकाच मूळ ठशावरून काढलेले. त्यातल्या एखाद्या ठशाला टवका उडाला, तर तिथे शाई लागत नाही आणि कागदावर पांढरा ठिपका राहतो. मग तो ठसा बदलेपर्यंत प्रत्येक तावावर त्याच जागच्या तिकिटाला तो ठिपका येणार. ही झाली कायमची खोट. ज्यांना ठशांचा अभ्यास करायचा असतो ते अशीच शोधत असतात.

याच्या उलट, छापताना कागदाचा तंतू किंवा धुळीचा कण ठशावर बसला, तरी पांढरी खूण राहते. पण रूळ पाच-दहा वेळा फिरला की तो कण निघून जातो. पुढच्या तावावर खूण नाही. ही झाली क्षणाची खोट. एकटं तिकीट हातात घेऊन या दोघींतला फरक कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. जोडीला दुसरं हवं.

तुझ्याकडे तीन आहेत आणि तिन्हींवर एकाच जागी ठिपका आहे, म्हणून मी खुर्चीत सरसावून बसलो. पण एक विचारतो: ती तिन्ही एकाच किमतीची आहेत की वेगवेगळ्या?

कुळागर

काका, दोन ६ रेइसची आणि एक १ तांग्याचं. रंगही वेगळे आहेत. म्हणजे मग ठसा वेगळा ना? माझा अंदाज चुकला का?

शिळाछाप

चुकला नाही, उलट गोष्ट अजून चांगली झाली. भिंगातून बघ, 'INDIA' आणि किंमत काळ्या शाईत आहे आणि बाकीचं चित्र रंगीत. म्हणजे ताव दोनदा मशीनवर चढला. आधी देवीचं चित्र, मग वसाहतीचं नाव आणि किंमत. चित्राच्या ठशांचा तोच फर्मा, म्हणजे एकत्र बसवलेले सगळे ठसे, रंग बदलून ६ रेइसलाही चालतो आणि १ तांग्यालाही. म्हणून चित्रातली खोट दोन्ही किमतींवर येऊ शकते. खोट काळ्या अक्षरात असती तर ती एकाच किमतीपुरती राहिली असती.

ठिपक्याचं माप घे. डाव्या चौकटीपासून किती आणि खालच्या चौकटीपासून किती, ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिही. माप तिकिटाच्या दातेरी कडेपासून घेऊ नको, छापील चौकटीपासून घे. छिद्रं इकडे तिकडे सरकलेली असतात, चौकट सरकत नाही.

मांडवीकाठ

शिळाछाप काकांनी पाया घालून दिला आहे. मी पणजीत राहतो आणि गेली वीसेक वर्षं फक्त पोर्तुगीज इंडियाची तिकिटं गोळा करतो, त्यातही सगळ्यात पहिली, १८७१ची. कुळागर, डब्यात कुठे मधोमध नुसता आकडा आणि 'REIS', भोवती लंबगोल, असं ओबडधोबड तिकीट असेल तर कृपा करून मला फोटो दाखवा.

ही पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ला निघाली, तीही लिस्बनहून छापून आलेली नाहीत. इथेच गोव्यात, हाताने केलेल्या ठशांनी छापली. १०, २०, ४०, १००, २००, ३००, ६०० आणि ९०० रेइस अशा किमती. पुढच्या पाच-सहा वर्षांत ठसे पुन्हा पुन्हा नवे केले गेले, आणि ते ओळखायची खूण म्हणजे मधल्या लंबगोलातल्या बारीक आडव्या रेघा. सुरुवातीच्या ठशात ३३ रेघा, नंतरच्या एकात ४४. मी अक्षरशः सुई टेकवत टेकवत रेघा मोजतो. पावसाळ्यातल्या दुपारी, वीज गेलेली असताना, खिडकीपाशी बसून हे काम करण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही.

या तिकिटांनी मला एक गोष्ट शिकवली. चूक म्हणायच्या आधी त्या छपाईचं नेहमीचं रूप ठाऊक पाहिजे. १८७१च्या तिकिटात शाई कुठे जाड, कुठे पातळ, रेघा तुटलेल्या, छिद्रं वेडीवाकडी, हे सगळं सर्रास आहे. त्यातलं काहीच वेगळं म्हणून मिरवायचं नसतं. तोच तुटकपणा विसाव्या शतकातल्या सफाईदार तिकिटावर दिसला तर मात्र थांबून बघावं. पण किमतीचा आकडा दोनदा उठलेला किंवा उलटा बसलेला असेल, तर ती खरी चूक, कारण आकडा वेगळ्याने मारला जाई. आणि जिथे जिथे काम दोन वेळा होतं, तिथे तिथे दुसऱ्या वेळी चुकायला जागा असते. कुळागर, तुमच्या दुसऱ्या तिकिटाची बाब हीच आहे.

बार्देसकार

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे राजाच्या चित्राचं एक तिकीट आहे, त्याला बरोबर मधून उभी छिद्रं पाडलेली आहेत. राजाच्या नाकावरून. दोन्ही अर्ध्यांवर वेगवेगळी किंमत छापलीय. छिद्रांची इतकी मोठी चूक मी कुठे बघितली नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या ढिगात मिळालं.

मांडवीकाठ

बार्देसकार, ती चूक नाही, मुद्दाम केलेलं काम आहे. राजेशाही गेल्यानंतरच्या काळात लहान किमतींची तिकिटं कमी पडली, तेव्हा शिल्लक तिकिटांना मधून उभी छिद्रं पाडली आणि प्रत्येक अर्ध्यावर नवी किंमत छापली. म्हणजे एका तिकिटाची दोन झाली. तुमच्याकडे दोन्ही अर्धे जोडलेले आहेत, ते तसेच राहू द्या. चुकूनसुद्धा फाडू नका!

तिस्कावयली

अशीच टंचाई १८८१लाही झाली होती ना? माझ्या वडिलांच्या वहीत नोंद आहे. इंग्रजांशी १८७८ला करार झाला, चलन बदललं, १२ रेइसचा एक तांगा आणि १६ तांग्यांचा एक रुपया असा हिशेब आला. मग जुन्या साठ्यावर नव्या किमती छापल्या.

मांडवीकाठ

अगदी बरोबर. आणि त्या १८८१-८२च्या छपायांत उलट्या किमती, दुहेरी किमती असं बरंच सापडतं. काम घाईचं, किमती अनेक, आणि साठा वेगवेगळ्या जुन्या तिकिटांचा. म्हणूनच त्यांच्या नकलाही तितक्याच झाल्या. साधं स्वस्त तिकीट घ्यायचं आणि त्यावर उलटा आकडा मारायचा, याला फार कसब लागत नाही.

शिळाछाप

मुद्दा निघालाच आहे तर कुळागर बाय, तुझ्या उलट्या 'REPUBLICA'कडे वळूया. ५ ऑक्टोबर १९१०ला पोर्तुगालमध्ये राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आलं. राजाची तिकिटं साठ्यात भरपूर होती, म्हणून १९११पासून त्यांवर 'REPUBLICA' छापून ती चालवली. काही लिस्बनमध्ये छापली, काही इथे. ताव उलटा लागला की त्या तावावरच्या सगळ्या तिकिटांवर अक्षरं उलटी. असं घडलेलं आहे, तेव्हा तुझं तिकीट खरं असू शकतं.

पण तीन गोष्टी बघ. दिवा बाजूला, टेबलाच्या पातळीला धर, प्रकाश तिकिटावर तिरका पडला पाहिजे.

एक, पाठीमागून बघ. खिळ्यांची छपाई कागदात रुतते, मागे किंचित उठाव दिसतो. रबरी शिक्क्याने मारलेलं असेल तर कागद सपाट राहतो.

दोन, अक्षरांची कड बघ. खिळ्याने छापलेल्या अक्षरात शाई दाबाने कडेला सरकते, त्यामुळे कडेला गडद रेघ दिसते आणि मध्ये रंग किंचित हलका. आजकालच्या प्रिंटरने मारलेलं असेल तर कडेला बारीक ठिपके विखुरलेले दिसतील.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझं तिकीट वापरलेलं आहे का? डाकशिक्का आहे का? असेल तर डाकशिक्क्याची काळी रेघ आणि 'REPUBLICA'चं अक्षर जिथे एकमेकांना छेदतात तिथे भिंग लाव. तिकीट आधी छापलं जातं, मग विकलं जातं, मग त्यावर शिक्का बसतो. म्हणजे शिक्का वर आणि अक्षर खाली. अक्षर शिक्क्याच्या वर दिसलं, तर ते अक्षर टपाल कचेरीतून पत्र गेल्यानंतर कधीतरी मारलेलं आहे.

कुळागर

काल वीज नव्हती म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. काका, तुम्ही सांगितलं तसं केलं.

पाठीमागे उठाव नाही. अक्षर आणि शिक्का 'B'च्या पोटात एकमेकांवरून जातात. तिथे लाल अक्षर काळ्या रेघेच्या वरून गेलंय, काळी रेघ त्याच्याखाली दबलेली स्पष्ट दिसते.

मग मी शिक्काच वाचायला घेतला. तिकीट फिरवत फिरवत, एका डोळ्याने. 'NOVA' अर्धं, 'GOA' पूर्ण, आणि खाली तारखेत शेवटी '06'. मी तीनदा बघितलं, यजमानांनाही दाखवलं. शिक्का १९०६चा आहे. १९०६ला राजा कार्लोस जिवंत होता. प्रजासत्ताक यायला चार वर्षं होती. जे राज्य आलंच नव्हतं त्याचं नाव तिकिटावर कसं येणार?

ज्या कागदात हे गुंडाळलेलं होतं त्याच्या आत आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: 'उलटे. रु. ५.' त्यांनी पाच रुपये मोजले होते. त्या काळात पाच रुपये. आजी म्हणायची की त्यांनी स्वतःसाठी कधी नवी छत्री घेतली नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. ज्याने विकलं त्याला माहीत असणारच.

तिस्कावयली

कुळागर, वाईट वाटणारच. माझ्या वडिलांनाही कुणीतरी असंच फसवलं होतं. तरी ते तिकीट फेकून देऊ नका. आजोबांच्या हातच्या त्या कागदासकट तसंच ठेवा. दोन्ही मिळून त्या घराची कागदपत्रंच आहेत.

मांडवीकाठ

तिस्कावयली म्हणतात ते करा, फक्त पाकिटावर स्पष्ट लिहून ठेवा: 'ओव्हरप्रिंट नंतर मारलेला, शिक्का १९०६चा.' पुढे कुणाच्या हातात गेलं तर पुन्हा कुणी फसायला नको.

आणि हे काम तुम्ही केलंत ते नीट केलंत. शाईच्या थरावर वाद होऊ शकतो, जाणकारही कधी कधी चकतात. तारखेवर वाद होत नाही.

शिळाछाप

आता बाकीची तीन पटकन.

पाठीवर उमटलेलं चित्र. ते आरशात दिसतं तसं उलटं आहे की सरळ वाचता येतं? अक्षरं बघ. उलटी असतील तर ओल्या शाईचा ताव दुसऱ्या तावाखाली ठेवला गेला आणि खालची शाई वरच्याच्या पाठीला लागली. छापखान्यात हे रोज व्हायचं, आम्ही मध्ये कोरा कागद घालायचो. दिसायला गोड, पण मोठी गोष्ट नाही. अक्षरं सरळ वाचता आली तर मात्र ताव पालटून मागेही छापला गेलाय, आणि ते अगदी विरळा.

कुळागर

आरशातल्यासारखी उलटी आहेत.

शिळाछाप

मग शाई लागलेली. पुढे.

शेंदरी आणि तपकिरी. ही छपाईतली रंगाची चूक नाही. शेंदरी, नारिंगी शायांत शिसं असायचं. हवेतल्या किंवा शेजारच्या वस्तूंतल्या गंधकाशी शिसं मिळालं की ते काळवंडतं. डब्यात रबरबँड होते का?

कुळागर

होते! वितळून तिकिटांच्या गठ्ठ्याला चिकटले होते.

शिळाछाप

झालं तर मग. रबर पक्कं करायला गंधक वापरतात. पायरी सापडली: छापखान्याबाहेर, तुमच्या माळ्यावर.

बार्देसकार

हायड्रोजन पेरॉक्साईडचा हात फिरवला की रंग परत येतो. मी केलंय, दोन मिनिटांत शेंदरी झालं.

मांडवीकाठ

येतो, पण करू नका. काळवंडलेल्या शिशाचं त्यात पांढरं संयुग होतं, म्हणजे मूळ शाई परत येत नाही, नवीच काहीतरी होते. शिवाय कागदाला ओल लागते. आपल्याकडे जुलैमध्ये ओला झालेला कागद आठवडाभर सुकत नाही, मग तांबूस ठिपके पडतात. मी तिकीट जसं आलं तसं ठेवण्याच्या बाजूचा आहे.

बार्देसकार

मला पटत नाही. काळवंडलेलं तिकीट बघून मूळ रंग कुणाला कळणार? पण तुमच्या तिकिटांवर तुमचा हक्क.

तिस्कावयली

बोधिसत्त्वाचं मी सांगते, कारण माझ्याकडे दोन्ही आहेत आणि शाळेतल्या मुलांना मी ती नेहमी दाखवते. १५ ऑगस्ट १९४९ला स्वतंत्र भारताची पुराणवस्तूंच्या चित्रांची मालिका निघाली, नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापलेली. त्यातल्या एक आण्याच्या तिकिटावर मूर्तीचं छायाचित्र उलटं लागलं, आरशात दिसावं तसं. १९५०ला ते सरळ करून पुन्हा छापलं. म्हणजे तुमच्याकडे चूक आणि दुरुस्ती दोन्ही आहेत. पण ही चूक चित्र तयार करणाऱ्यांच्या टेबलावर झाली, मशीनवर नाही. त्यामुळे पहिल्या छपाईतलं प्रत्येक तिकीट तसंच आहे आणि ते दुर्मीळ नाही.

मुलांना मी याच्या शेजारी दुसरी गोष्ट सांगते, १८५४च्या चार आण्याच्या तिकिटाची. कलकत्त्याला शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, दोन रंगांत छापलं, लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं. एका तावावर बारा तिकिटं. एक रंग झाल्यावर दुसऱ्यासाठी ताव उलटा बसला आणि राणी डोक्यावर उभी राहिली. ती चूक मशीनवरची, थोड्याच तावांपुरती, म्हणून आज बोटांवर मोजण्याइतकी तिकिटं आहेत आणि संग्रहालयं त्यासाठी जीव टाकतात.

मळब

मघाशी मी लगेच किंमत विचारा म्हणालो होतो. हे सगळं वाचून ते शब्द मागे घेतो. एक विचारू का? माझ्याकडे सेरेसचं एक तिकीट आहे, त्यावर किंमतच नाही. खालची जागा कोरी. वरच्या चर्चेनुसार काळी छपाई राहून गेली असणार?

शिळाछाप

मळब, शक्य आहे. काळा रंग वेगळ्याने दिलेला, म्हणून राहू शकतो. पण तिरक्या प्रकाशात त्या कोऱ्या जागेतले कागदाचे तंतू बघ. पात्याने खरवडलं असेल तर तिथली चकाकी गेलेली असते आणि तंतू उभे राहिलेले दिसतात. आणि 'INDIA' हा शब्द शिल्लक आहे का? नाव आणि किंमत एकाच वेळी काळ्यात छापलेली आहेत. नाव आहे आणि किंमत मात्र नाही, तर आधी संशय घ्यायचा.

मळब

नाव आहे. आणि कोरी जागा खरबरीत लागतेय. समजलं. आभारी आहे काका.

कुळागर

काका, ठिपक्याची मापं घेतली. तिन्ही तिकिटांवर सारखीच येतात: डाव्या छापील चौकटीपासून साडेसात मिलिमीटर, खालच्या चौकटीपासून साडेपाच. ठिपका पूर्ण गोल नाही, वरच्या बाजूला किंचित टोक आहे, भाताच्या दाण्यासारखं. हे टोक तिन्हींवर आहे. एका तिकिटावर शिक्क्याची रेघ जवळून जाते, तरी टोक दिसतं.

मांडवीकाठ

टोकाचं सांगितलंत ते फार कामाचं. जागा योगायोगाने जुळू शकते, आकार नाही.

मी माझी सेरेसची पानं काढून बसलो. सुटी चाळीसेक तिकिटं बघितली, एकावरही नाही. मग चारच्या जोडाची पाकिटं काढली. त्यात ६ रेइसचा एक जोड आहे, डावीकडे तावाची कोरी पट्टी अजून लागलेली. वरच्या डाव्या तिकिटावर, झग्याच्या काठाला, तोच दाणा. टोक वर. बाकी तिन्ही स्वच्छ. दहा वर्षं माझ्याकडे आहे आणि मी कधी बघितलं नाही!

म्हणजे इतकं नक्की: हा ठसा तावाच्या डाव्या कडेच्या उभ्या ओळीत होता. वरून कितवा ते या जोडावरून सांगता येत नाही. आणि तो सगळ्यात खालचाही नव्हता, कारण त्याच्याखाली आणखी एक तिकीट आहे.

शिळाछाप

शाबास रे बाब! आता ही कायमची खोट म्हणायला माझी हरकत नाही.

आणि आता एक पाऊल पुढे. चित्राचा फर्मा किमतीला बांधलेला नव्हता, तसा तो वसाहतीलाही बांधलेला नसावा. हेच चित्र मोझांबिक, अंगोला, केप वर्द, तिमोर, मकाव, सगळीकडे आहे, बदलतं ते काळ्यातलं नाव. तोच फर्मा नाव बदलून वापरला गेला असेल, तर हा दाणा दुसऱ्या वसाहतीच्या तिकिटावरही सापडायला हवा. कुणाच्या घरी आफ्रिकेची पत्रं आहेत का?

बार्देसकार

आहेत. माझे मोठे मामा लोरेन्सु मार्किसला रेल्वेत होते. त्यांची पत्रं आईने लाकडी पेटीत ठेवली आहेत. आई उद्या देवदर्शनाहून परत येते, तिला विचारून उघडतो.

बार्देसकार

आईने पेटी उघडून दिली, पण पत्रं मला वाचू दिली नाहीत, फक्त पाकिटं बघू दिली. ते तिचंच बरोबर आहे.

मोझांबिकची सेरेस अकरा निघाली, सगळी पाकिटांवरच लागलेली, मी काढली नाहीत. नवव्या पाकिटावर सापडला. झग्याच्या काठाला, डावीकडून साडेसात, खालून साडेपाच, टोक वर. तिकिटाचा रंग हिरवा, नाव 'MOÇAMBIQUE'. शिक्का पुसट आहे, वर्ष वाचता येत नाही. आई भिंगातून बघून म्हणाली, हा तर अक्षतेचा दाणा.

कुळागर

अंगावर काटा आला. आजोबांच्या डब्यातला आणि तुमच्या मामांच्या पत्रावरचा ठसा एकच. देव बरें करूं, बार्देसकार, आणि आईंनाही सांगा.

मांडवीकाठ

मी नोंद करतोय. आतापर्यंत: इंडिया ६ रेइस तीन, त्यात एक जोडातलं. इंडिया १ तांगा एक. मोझांबिक एक, पाकिटावर. आता अर्ध्या वाटेवर सोडायचं नाही. डावी पट्टी लागलेली सेरेसची तिकिटं कुणाकडे असतील, कुठल्याही वसाहतीची, तर झग्याचा काठ बघा. वरून कितवं तिकीट ते सांगणारा मोठा जोड मिळाला तर फारच उत्तम. कागद चकचकीत आहे की साधा, आणि दोन सेंटिमीटरमध्ये छिद्रं किती, तेही लिहा. त्यावरून हा ठसा आधीच्या छपायांत होता की नंतर टवका उडाला, ते लावता येईल.

शिळाछाप

आणि कुळागर बाय, ज्या तीन तिकिटांवर ठिपका नाही तीही ठेव. त्यांच्यातलं एखादं त्याच जागचं, टवका उडायच्या आधीचं असू शकतं. डबा मात्र बदल. पत्रा गंजतो, रबर तर मुळीच नको. गुळगुळीत पारदर्शक कागदाची पाकिटं मिळतात, त्यात एकेक ठेव, उभी ठेव, एकावर एक दाबून नको. आपल्या हवेत गोंद ओल धरतो आणि तिकिटं एकमेकांना चिकटतात. कपाटात वरच्या खणात, भिंतीला न लागता. सिलिका जेलच्या पुड्या घाल आणि पावसात दर पंधरवड्याला बदल.

तिस्कावयली

माझ्याकडे केप वर्दची चार आहेत, त्यांवर नाही. तिमोरचं एकच आहे, ते वडिलांच्या वहीत हिंजने, म्हणजे गोंदाच्या छोट्या कागदी पट्टीने, लावलंय. रविवारी दिवसाच्या उजेडात बघून लिहिते.